चपला हातात घेऊन

चूक माझी होती, हे आधी लिहून टाकतो. नाहीतर चार ओळी झाल्या की मी ती हळूहळू दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर ढकलून देईन. मला ती सवय आहे. सोळा वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात मी माझ्या बायकोला रोज सकाळी आमच्याच घरातून चोरासारखं बाहेर पडायला लावलं. चपला हातात घेऊन, कडीचा आवाज न करता. आमची दहा महिन्यांची मुलगी तेव्हा माझ्या कडेवर असायची, आणि मी तिला खिडकीतून जांभळाचं झाड दाखवत असायचो.

आत्ता हे आठवायचं कारण म्हणजे जांभळं पुन्हा आली. परवा बदलापूर स्टेशनबाहेर डोंगरातल्या बायका पाट्या घेऊन बसल्या होत्या. जांभळांवर ओली पानं झाकलेली, पाटीच्या कडेला मिठाची पुडी. मी पानाच्या द्रोणातून घेतली आणि तिथेच उभा राहून खाल्ली. घशात तो तुरटपणा उतरला आणि कानात रडणं सुरू झालं. खरंच सांगतो, मी मागे वळून पाहिलं. मागे कोणीही रडत नव्हतं. एक रिक्षावाला फडक्याने मान पुसत होता, बस.

बदलापूरचा उन्हाळा ज्याने पाहिला आहे त्याला फार सांगायला नको. मार्च संपता संपता भिंती तापायला लागतात आणि त्या पुन्हा थंड होत नाहीत. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, वरती गच्ची. लिफ्ट नाही, तेव्हाही नव्हती. वीज गेली की पंखा हळूहळू थांबताना जो एक शेवटचा कुईं असा आवाज काढायचा, त्या आवाजाला ओवी दचकून रडायला लागायची. ओवी म्हणजे आमची मुलगी. पण ती पंख्यामुळे रडायची असं तरी कसं म्हणू? ती कुकरच्या शिट्टीने रडायची, शिट्टी व्हायची थांबली तरी रडायची. अंगावर घामोळं आलं होतं म्हणून रडते असं वाटायचं, पावडर लावली की पावडरीमुळे रडायची. खाली ठेवलं की रडायची. कडेवर घेतलं की गप्प, पण त्या कडेवरून तिला दुसऱ्या कोणी घेऊ पाहिलं की जणू कातडी सोलतोय असा आकांत.

आई घरात असली की तिला फक्त आई लागायची. आई नसली की फक्त मी. मी दात घासायचो ते तिला एका हातात धरून. आंघोळीच्या वेळी दार अर्धं उघडं ठेवून, आतून ‘मी इथे आहे, मी इथे आहे’ असं ओरडत पाणी अंगावर घ्यायचो. संडासाची गोष्ट लिहीत नाही, पण दार तेव्हाही उघडंच असायचं.

वैशाली, माझी बायको, उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका लॅबमध्ये टेक्निशियन होती. लोकांचं रक्त घ्यायचं, तपासायचं. बाळंतपणाची रजा तिने वाढवत वाढवत नेली होती, मार्चमध्ये ती संपली. लॅबचे मालक वयस्कर सिंधी डॉक्टर, भला माणूस. ‘बेटा, जगह तुम्हारी ही है,’ असं म्हणून त्यांनी तिची जागा राखून ठेवली होती. मी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर. त्या उन्हाळ्यात मी मुद्दाम सेकंड शिफ्ट मागून घेतली. सकाळी ओवी माझ्याकडे, दुपारी दोनला मी निघताना तिला तळमजल्यावरच्या भोईरकाकूंकडे द्यायची, चारला वैशाली परत. कागदावर सगळं जमत होतं.

पहिल्या दिवशी वैशाली दारात उभी राहिली. आमच्याकडे बाहेर पडणारा माणूस ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो, आणि घरातल्याने ‘ये’ म्हणेपर्यंत उंबऱ्यात घुटमळतो. तसं ती म्हणाली, ‘ओवी, येते हं मी.’ ओवीने दोन्ही हात पुढे केले. मग जे झालं ते सगळ्या जिन्याने ऐकलं. वैशालीचा पदर ओवीच्या मुठीत, मी एकेक बोट सोडवतोय, दूध येऊन वैशालीचा ब्लाउज ओला झालेला, गाडीची वेळ झालेली. ती शेवटी पदर सोडवून धावतच गेली. ओवी पाऊण तास रडली. निळी पडेल की काय असं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी मी युक्ती काढली.

त्या युक्तीचा मला अभिमान होता, हे सांगताना आता कान गरम होतात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधलं जांभळाचं मोठं झाड दिसायचं. त्याच्यापलीकडे रुळांची रेघ आणि हवा स्वच्छ असली तर चंदेरीचा सुळका. मी ओवीला खिडकीशी न्यायचो. ‘ते बघ, काऊ! ते बघ, बुलबुल! माडगाडी आली बघ!’ मालगाडीला मी तिच्यासाठी माडगाडी म्हणायचो. तेवढ्यात वैशालीने चपला हातात घेऊन निघायचं. येते नाही, काही नाही. दार मी आधीच कडी काढून ठेवलेलं. ओवी वळायची तेव्हा घर रिकामं.

चार दिवस युक्ती चालली. ओवी इकडे तिकडे बघायची, खोल्याखोल्यांतून मला बोटाने फिरवायची, मग कुठेतरी विसरायची. मी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं. ‘पोराला फसवणं काय अवघड आहे रे? लक्ष दुसरीकडे वळव, झालं.’

पाचव्या दिवसापासून ती खिडकीला घाबरायला लागली. मी स्वयंपाकघराकडे वळलो की माझ्या कडेवर तिचं अंग ताठ व्हायचं. मान मागे दाराकडे. झाडाकडे बघायलाच तयार नाही. मग वैशाली घरी असेपर्यंत ती तिच्या साडीचं टोक धरून बसायला लागली. रविवारीसुद्धा. वैशाली भांडी घासायला उठली तरी ओवीला वाटायचं, ही आता नाहीशी होणार. ‘कुठेही गेली नाहीये ती, इथेच आहे!’ असं मी ओरडायचो. दहा महिन्यांच्या मुलीवर. आणि माझ्या ओरडण्याने ती आणखी घट्ट चिकटायची.

भोईरकाकू मूळच्या कुळगावच्या. त्यांच्या शेतावर आता आमच्यासारख्यांच्या चार इमारती उभ्या होत्या आणि त्यातल्याच एकीत त्या राहत होत्या. एका दुपारी मी ओवीला त्यांच्याकडे दिलं आणि नेहमीसारखा पाठमोरा होऊन सटकायला लागलो. मागून त्यांचा आवाज आला.

‘काय रं, मांजरासारखा काय जातंस?’

‘काकू, सांगितलं की रडते.’

‘मग रडंल. रडून कोन मेलं नाय. पन तिला फसवू नको. येवढी येवढी असली तरी समजतं तिला.’

‘काकू, तिला काय समजतंय?’

‘तुला समजत नाय, तेवढं तिला समजतं,’ काकू म्हणाल्या आणि ओवीला घेऊन माझ्याच मागे दारापर्यंत आल्या. ‘बग बाय, बाबा चालला. सांग त्याला, ये म्हनावं.’ ओवी रडली. मी गेलो. काकूंनी नंतर मीठ-मिरच्यांनी तिची दृष्टही काढली. मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणून दृष्ट मोठी होती असं त्यांचं म्हणणं. मी हसलो. मी सायन्सवाला. मला दृष्ट पटत नव्हती, आणि दृष्टीबरोबर काकूंचं बाकीचं बोलणंही मी झटकून टाकलं.

आमच्या कारखान्यात एक नियम आहे. रिलिव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. आणि तो आला तरी नुसतं निघून जायचं नाही. त्याच्यासमोर उभं राहायचं, रिॲक्टरचं तापमान किती, प्रेशर किती, कोणता व्हॉल्व्ह कुठे आहे हे तोंडाने सांगायचं, त्याने ‘घेतला चार्ज’ म्हटलं की मगच गेटकडे. वीस-पंचवीस वर्षांत मी हा नियम एकदाही मोडला नाही. नव्या पोरांना मीच शिकवतो. एका लोखंडी भांड्याला मी न सांगता सोडून गेलो नाही कधी. हे मला त्या उन्हाळ्यात एकदाही सुचलं नाही. आता सुचतं, आणि सुचून उपयोग काय, तेही कळत नाही.

एप्रिलच्या शेवटी एक सकाळ अशी आली. वैशाली निघून गेली होती, ओवी रडत होती, मी तिला घेऊन फेऱ्या मारत होतो. हवा तरी लागेल म्हणून दार उघडून जिन्यात आलो. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे जिथे जिना वळतो, तिथे वरून दुसऱ्या पायरीवर वैशाली बसलेली. पर्स मांडीवर, चपला अजून हातातच. तोंडात पदराचा बोळा.

ओवीने तिला पाहिलं. ‘आ आ आ’ करत माझ्या हातातून जवळजवळ उडी मारली.

त्या वेळी मी काय करायला हवं होतं हे आज कोणालाही सांगता येईल. मी म्हणालो, ‘अगं, तू अजून इथेच? आत्ता शांत होत होती ती! तू दिसलीस की रडते, कळत कसं नाही तुला? तुझ्यामुळेच चाललंय हे सगळं.’

वैशाली उठली. चपला तिने पायात घातल्या. आणि ती खाली गेली. तिच्या टाचांचा आवाज तळमजल्यापर्यंत ऐकू येत होता, आणि ओवी त्या आवाजाच्या दिशेने हात पसरून रडत होती.

मे महिन्यात लॅबमधून तक्रारी सुरू झाल्या. लोक उपाशीपोटी येऊन बसतात, आणि ही रोज उशिरा पोचते. डॉक्टर दोनदा काही बोलले नाहीत. तिसऱ्यांदा म्हणाले, ‘बेटा, सँपल तो सुबह ही आते हैं ना.’ हे तिने मला घरी येऊन सांगितलं तेव्हा मी म्हणालो, ‘पण घरातून तर तू वेळेवर निघतेस! मग रस्त्यात करतेस काय?’ ती म्हणाली, ‘गाडी चुकते.’ मी विचारलं, ‘रोज?’ ती म्हणाली, ‘रोज.’ मला वाटलं, हिचं कामात मन नाही. तसं मी बोलूनही दाखवलं असणार. नक्की शब्द आठवत नाहीत, आणि आठवत नाहीत ही सोय आहे माझी.

जूनमध्ये तिने नोकरी सोडली. ‘ओवीला माझी गरज आहे,’ एवढंच म्हणाली. सगळ्यांनी कौतुक केलं. मीही केलं. प्लॉटमधल्या झाडाखाली तेव्हा जांभळांचा सडा पडलेला असायचा, वैशाली ओवीला घेऊन तिथे जायची, आणि दोघी जांभळी बोटं घेऊन परत यायच्या. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत ओवीचं रडणं आपोआप कमी झालं. मुलांच्या डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं. म्हणाले होते, या वयात मुलांना पहिल्यांदा कळतं की आई आपल्यापासून वेगळी आहे आणि ती जाऊ शकते. ती परत येते हे कळायला अजून थोडा वेळ लागतो. तेवढा मधला काळ कठीण. जाईल निघून.

आणि इथेच माझा गोंधळ होतो. तो काळ जाणारच होता. मी खिडकी दाखवली नसती, तरी ती रडलीच असती. मग माझी चूक नक्की कोणती? मुलीला फसवलं ही? की तिला रडू दिलं नाही ही? अनेक वर्षं मी या प्रश्नाभोवती घिरट्या घातल्या. ओवी आता सोळा वर्षांची आहे, अकरावीची परीक्षा देऊन सुट्टीत घरी आहे, चांगली खणखणीत मुलगी आहे. तिला त्यातलं काही आठवत नाही. मध्यंतरी एकदा एवढं मात्र म्हणाली, ‘बाबा, तू कधी सांगून जातच नाहीस. एकदम गायबच होतोस.’ खरं आहे. इतरांना न कळता बाहेर पडायची मला सवयच लागून गेली. दार हळू लावतो. पण ओवीही मैत्रिणींकडे जाताना सांगत नाही, आणि कोणाच्या मुली सांगतात आजकाल? काय कशामुळे झालं, हे मला ठरवता येत नाही.

या मे महिन्यात आमच्या घरात पुन्हा एक बाळ आलं. वैशालीच्या बहिणीची मुलगी प्राजक्ता वांगणीच्या नव्या वस्तीत राहते. तिचं पाळणाघर महिनाभर बंद. म्हणून ती सकाळी दहा महिन्यांच्या कियानला घेऊन बदलापूरला उतरते, त्याला आमच्याकडे ठेवते आणि पुढे अंबरनाथला कामाला जाते. पहिल्या दिवशी तो तिच्या गळ्याला असा लटकला होता की मला माझाच घाम आठवला.

प्राजक्ता कुजबुजली, ‘मावशी, तू याला आत ने ना, मी हळूच निघते.’

‘हळूच नाही,’ वैशाली म्हणाली. ‘दारात उभी राहा. नीट सांग त्याला.’

‘अगं, भोकाड पसरेल!’

‘पसरू दे. तू सांग.’

प्राजक्ताने सांगितलं. कियानने भोकाड पसरलं. तो आवाज ऐकून माझ्या अंगात सोळा वर्षांपूर्वीचा मी उठला. माझे हात आपोआप पुढे झाले. मी त्याला वैशालीकडून घेतलं आणि स्वयंपाकघराकडे वळलो. ‘चल, आपण काऊ बघू…’

‘खिडकीकडे नका नेऊ त्याला.’

आवाज चढवला नव्हता तिने. पण मी जागच्या जागी उभा राहिलो. खिडकीतून आता दिसण्यासारखं काही नाहीच. झाड जाऊन तिथे सात मजली इमारत झाली, समोर कोणाच्या तरी बाल्कनीतले वाळत घातलेले टॉवेल दिसतात. तरी ती म्हणाली, खिडकीकडे नका नेऊ. म्हणजे तिला सगळं आठवत होतं. म्हणजे सोळा वर्षं, आम्ही समोरासमोर बसून जेवत होतो तेव्हाही आठवत होतं.

ती त्याला घेऊन दारातच उभी राहिली, जिन्याकडे तोंड करून. तो रडला. ती त्याच्या पाठीवर हात फिरवत नुसतं म्हणत होती, ‘हो, गेली आई. येणार आहे. गेली, येणार आहे.’ बऱ्याच वेळाने तो थांबला. दुसऱ्या दिवशीही रडला. तिसऱ्या दिवशीही. काकूंची किंवा वैशालीची रीत जादूची नव्हती. रडणं तेवढंच होतं. फक्त तो पाठीमागे बघत राहिला नाही.

आणि तेव्हा मला प्रथमच वाटलं की मी इतकी वर्षं चुकीच्या माणसाचा हिशोब तपासतोय. मी ओवीचं काय झालं एवढंच विचारत होतो. ती तर रडून मोकळी झाली. जिला रडायलाही मिळालं नाही, तिचं काय?

परवा स्टेशनबाहेरून थोडी जांभळं घरीही घेऊन गेलो, त्या संध्याकाळी बोलायचं ठरवलं होतं. ‘जांभळं आणलीत,’ असं म्हणालो. ती म्हणाली, ‘बरं केलंत, धुवून ठेवते.’ झालं माझं बोलणं.

काल शुक्रवार. आमच्या कारखान्याला सुट्टी, आणि नळालाही. प्यायच्या पाण्याचे दोन कॅन खालून आणायचे होते. कियान नुकताच झोपला होता, ओवी त्याच्याजवळ पुस्तक घेऊन बसली होती. मी मोठा कॅन घेतला, वैशालीने लहान. दुसरा मजला ओलांडून जिना वळला तिथे ती धापा टाकत थांबली, कॅन टेकवला आणि पायरीवर बसली. वरून दुसऱ्या पायरीवर. भिंतीला खांदा लावून, गुडघे जवळ घेऊन. तिने ती जागा शोधली नाही. तिचं शरीर तिथे आपोआप बसलं.

मी म्हणालो, ‘इथेच बसली होतीस ना तू, त्या दिवशी?’

‘कोणत्या दिवशी?’

‘मी ओवीला घेऊन बाहेर आलो होतो. तू चपला हातात घेऊन…’

‘ते होय.’ तिने कपाळाचा घाम पुसला. ‘तो एक दिवस तुम्ही पाहिलात. मी रोज बसायचे.’

मला कळलं नाही. ‘रोज म्हणजे?’

‘रोज म्हणजे रोज. तिचं रडणं थांबेपर्यंत. थांबलं की उठायचे. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. तुम्ही तिला काऊ दाखवत असायचात, मला ऐकू यायचं.’

‘आणि गाडी?’

‘गाडी जायची निघून.’

मी हातातला कॅन धरून तसाच उभा होतो. घरातून तर तू वेळेवर निघतेस. मग रस्त्यात करतेस काय. माझंच वाक्य माझ्याच आवाजात त्या जिन्यात ऐकू आलं.

तेवढ्यात वर कियान जागा झाला आणि रडायला लागला. मला सुटका झाल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी पटकन पाऊल वर टाकलं.

‘थांबा,’ वैशाली म्हणाली. ‘वर ओवी आहे. तुम्ही काहीतरी बोलत होतात.’

मी कॅन खाली ठेवला आणि तिच्या खालच्या पायरीवर बसलो. वरून ओवीचा आवाज येत होता, ‘अरे हो रे बाळा, येतायत, पाणी आणायला गेलेत ते.’ मी मनात तयार केलेलं भाषण होतं, ते आठवलंच नाही. जे आठवलं ते सांगितलं.

‘वैशाली, ती तुझ्यामुळे रडत नव्हती. ती तुझ्यासाठी रडत होती. मी तुला तिच्यासमोर उभं राहू दिलं नाही, येते म्हणू दिलं नाही, आणि वर तुलाच बोललो. तुझी नोकरी माझ्यामुळे गेली. माझं चुकलं. मला माफ कर.’